आत ताई, बाहेर मी

“मी जरा तिथे उभी राहून येते.”

असं म्हणून ताई खुर्चीवरून उठायच्या, कापडी पिशवी खांद्याला अडकवायच्या आणि आम्हाला बैठकीत तसंच बसवून निघून जायच्या. कधी वीस मिनिटं, कधी तासभर. परत येऊन त्या काय सांगतात, याची मला पहिल्या वर्षी उत्सुकता असे. पुढे पुढे भीती वाटू लागली.

आमचा कारखाना बडोद्याबाहेर, कोयलीकडे जाणाऱ्या रस्त्याला आत वळून. रसायनं बनवणारा, मध्यम आकाराचा. मी तिथे पर्सोनेल खात्यात होतो. नोकरीच्या जागी बायकांचा छळ झाला तर त्याची तक्रार ऐकायला कायद्याने एक समिती लागते. तिची कागदपत्रं माझ्याकडे असत. बैठका मी बोलवायच्या, इतिवृत्त मी लिहायचं. त्या समितीत एक सदस्य बाहेरचा असावा लागतो, आणि ताईंचं नाव मीच सुचवलं होतं. का, तेही सांगून टाकतो. त्या निवृत्त शिक्षिका, जुन्या शहरातल्या घडियाळी पोळात राहणाऱ्या, जुन्या दरबारी नोकरीतल्या मराठी घराण्यातल्या. वस्त्यांमधून, शाळांमधून, फतेगंजच्या मुलींच्या वसतिगृहांतून जाऊन मुलींच्या सुरक्षिततेचं काम करत. आवाज मऊ. मला वाटलं, बाई घरच्यासारख्या आहेत, त्रास देणार नाहीत.

पहिल्या दिवशी गेटवरच्या रखवालदाराने त्यांना पाहुण्यांचं हेल्मेट दिलं. ते अंबाड्यामुळे डोक्यावर बसेना. “बेन, अंबाडा सोडावा लागेल,” तो बिचारा संकोचून म्हणाला. ताई म्हणाल्या, “अंबाडा चाळीस वर्षं इथे आहे, भाई. हेल्मेट आज आलंय. सरकायचं कुणी?” शेवटी हेल्मेट कपाळावर ओढून, टोपी घातलेल्या शाळकरी मुलीसारख्या त्या आत आल्या. पुढची तीन वर्षं त्या तशाच दिसल्या. आम्ही हसायचो. त्याही हसायच्या.

पहिली तक्रार कँटीनमध्ये भांडी घासणाऱ्या बाईची होती. मागच्या बोळातून जाताना गॅसच्या टाक्या बदलणारा माणूस रोज अंगाला अंग घासून जातो, असं तिचं म्हणणं. त्याचा हेतू काय असेल, यावर आम्ही गार खोलीत बसून पाऊण तास बोललो. ताई उठल्या. कँटीनमध्ये जाऊन त्यांनी दोन्ही हातांत ताटांची चळत घेतली आणि भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर, त्या बोळात उभ्या राहिल्या.

परत आल्या तेव्हा पदराला तेलाचा डाग होता. “त्या माणसाचं काय करायचं ते करूच,” त्या म्हणाल्या, “पण आधी त्या भाजीच्या क्रेट हलवा. तिथून एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो. त्याला सबब तुम्ही दिलीत ने.”

क्रेट त्याच दिवशी हलल्या. माणसाला समज मिळाली, त्याचं काम बदललं. जाताना ताईंनी पिशवीतून लीलो चेवड्याची, बडोद्याच्या ओलसर बटाट्याच्या चिवड्याची, पुडी काढून त्या बाईपुढे धरली. ही त्यांची रीतच होती. तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकीला त्या म्हणत, “आधी खा. पोटात काही असलं की आवाज निघतो.”

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, जी आल्यापासून घरातल्या वस्तू वेगळ्या दिसू लागतात. ताईंनी उभं राहून पाहिल्यावर आमचा कारखाना मला तसा दिसू लागला. कुठल्या स्वच्छतागृहाची कडी तुटली आहे, सायकल स्टँडवरचा कुठला दिवा बंद आहे, हे मला सुट्टीच्या दिवशीही आठवायचं.

दर सहा महिन्यांनी पुरुष कामगारांसाठी एक वर्ग घ्यावा लागे. पूर्वी आम्ही अंधार करून पडद्यावर कायद्याची कलमं दाखवत असू आणि अर्धा हॉल झोपत असे. ताईंनी दिवे लावायला सांगितले.

“डोळे मिटा,” त्या म्हणाल्या. “तुमच्या शिफ्टमधला एकेक माणूस आठवा. असा कोण आहे, ज्याच्याबरोबर तुम्ही स्वतःच्या मुलीला एकटं पाठवणार नाही? नाव सांगायचं नाही. फक्त आठवा.”

मागून कुणीतरी म्हणालं, “बेन, मला तर आमचे मोठे साहेबच आठवले.” हशा झाला. ताईही हसल्या. मग हसू थांबलं, आणि थांबायला हवं होतं त्याच्या आधीच थांबलं. ताईंनी डोळे उघडायला सांगितलं तेव्हा बहुतेक जण खाली बघत होते. तिसऱ्या रांगेतला एक शिफ्ट इनचार्ज तेवढा हाताची घडी घालून समोर बघत होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या माणसांनी आपल्या खुर्च्या नकळत किंचित सरकवल्या होत्या.

मलाही तोच आठवला होता. तो प्रयोगशाळेतल्या मुलींना ‘बेटा’ म्हणायचा, आणि म्हणताना हात खांद्यावर ठेवायचा. तो हात उचलायला वेळ लावायचा. दोन वर्षांत दोन मुली त्याच्या शिफ्टमधून नोकरी सोडून गेल्या होत्या. सोडण्याचं कारण लिहायच्या रकान्यात मी दोन्ही वेळा ‘घरगुती’ असं लिहिलं होतं. त्यांनी तसं सांगितलं नव्हतं. त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

चहाच्या वेळी ताई माझ्याजवळ आल्या. “तुम्हालाही आठवलं ने?”

“नाही, ताई. मी टिपणं घेत होतो.”

“पेनचं टोपण लावलेलं होतं, भाऊ.” एवढं बोलून त्यांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाल्या, “तो आणि एखादी मुलगी, दोघंच असतील अशी जागा कुठली?”

मी उत्तर द्यायला नको होतं असं मला आजही कधीकधी वाटतं, इतका मी भित्रा आहे. पण मी उत्तर दिलं. सॅम्पल रूम.

प्रत्येक शिफ्टला टाकीतल्या मालाचे नमुने बाटल्यांत भरून त्या खोलीत ठेवतात. प्रयोगशाळेतली मुलगी जाऊन त्यांवर खुणेच्या चिठ्ठ्या लावते, इनचार्ज सही करतो. पाच-सात मिनिटांचं काम. खोली लहान, जड दाराची. ते दार आपोआप लोटलं जातं. वाफा साचू नयेत म्हणून आत एक्झॉस्ट फॅन सतत चालू असतो, आणि भिंतीपलीकडेच कॉम्प्रेसर. तिथून कंट्रोल रूम दहा पावलांवर आहे. तिच्यात दोन ऑपरेटर कायम बसलेले असतात, म्हणून आम्ही ती जागा सुरक्षित धरत होतो.

आम्ही गेलो तेव्हा संध्याकाळचे पाच-साडेपाच झाले असतील. दुसरी शिफ्ट सुरू होती. ताई दारापाशी थांबल्या. दाराला छातीच्या उंचीवर एक काच होती, आत कोण आहे ते बाहेरून दिसावं म्हणून. त्या काचेवर आमच्या सुरक्षा सप्ताहाचं पहिल्या बक्षिसाचं पोस्टर चिकटवलेलं होतं. बक्षिसासाठी ते मी निवडलं होतं. चिकटवायची जागाही मीच दाखवली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बरोबर नजरेसमोर येते म्हणून.

ताईंनी पोस्टर वरपासून खालपर्यंत वाचलं. “मी आत जाते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही इथेच उभे राहा. काय ऐकू येतं ते मला सांगा.”

दार लोटलं गेलं. मी उभा राहिलो. कॉम्प्रेसर थरथरत होता. पायाखालची लोखंडी जाळी थरथरत होती. एक ऑपरेटर कंट्रोल रूममधून बाहेर येऊन माझ्याकडे बघून हसला आणि परत आत गेला. दूर रिफायनरीच्या चिमणीवरची ज्योत वाऱ्याने एका अंगाला झुकली होती. मिनिट झालं असेल, दोन झाली असतील. दार उघडून ताई बाहेर आल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

“काय ऐकलंत?”

“काही नाही. मशीन.”

“मी तीनदा हाक मारली,” त्या म्हणाल्या. “तुमचं नाव घेऊन. शेवटची तर घसा बसेपर्यंत.”

त्यांना खोकला आला. मी पाणी आणायला धावलो. आजही मला वाटतं, मी पाण्यासाठी धावलो नव्हतो.

त्यांनी तीन गोष्टी मागितल्या. पोस्टर काढा. आत एक घंटा बसवा जी कंट्रोल रूममध्ये वाजेल. आणि त्या माणसाच्या शिफ्टला मुलीला एकटीला तिथे पाठवू नका. मी त्या मागण्या आमच्या मोठ्या साहेबांपुढे, म्हणजे कारखान्याच्या मॅनेजरपुढे ठेवल्या.

“लेखी तक्रार आहे?” त्यांनी विचारलं.

“नाही, सर.”

“नाही ने? मग आपण काय शोधायला निघालोय? वार्षिक शटडाउन तोंडावर आहे. तो माणूस प्लांटचा एकेक नट-बोल्ट ओळखतो. कोणाच्या सांगण्यावरून त्याला हलवू?” मग जरा मऊ आवाजात, “मिनिट्समध्ये हे सगळं घालू नका. उद्या ऑडिटवाला वाचेल. नोंद घेतली, एवढंच लिहा.”

मी लिहिलं, ‘परिसराची पाहणी करण्यात आली. बाह्य सदस्यांनी काही सूचना केल्या. नोंद घेतली.’

ताईंनी ते दोनदा वाचलं. “यात मी कुठे उभी होते तेच नाही.”

“पुढच्या बैठकीत सविस्तर घेऊ, ताई. मी शब्द देतो.”

त्यांनी सही केली. त्यांच्या हातून झालेली मला माहीत असलेली चूक ही एकच.

पुढची बैठक झाली ती त्यांच्याशिवाय. त्यांची तीन वर्षांची मुदत संपत आली होती. “नवीन कोणी बघा,” साहेब म्हणाले, “आणि यांचा सत्कार जोरदार करा.” आपल्याकडे माणसाला घालवायची ही एक सभ्य रीत आहे, तुम्हीही तिच्यात कधी टाळ्या वाजवल्या असतील. महिला दिनाला व्यासपीठ सजलं. शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्राचा मजकूर माझा. त्यात ‘दीपस्तंभ’ हा शब्द होता. ताईंना दोन मिनिटं बोलायला दिली. त्यांनी माइक हातात घेऊन माझ्याकडे पाहिलं. “भाऊ, त्या दाराचं झालं का?”

सभेला वाटलं, बाई गमतीने काही विचारताहेत. टाळ्या पडल्या. मी खुर्चीतून अर्धवट उठून म्हणालो, “होईल, ताई.”

त्यांनी माइक खाली ठेवला. नारळ तेवढा गेटवरच्या रखवालदाराला देऊन गेल्या.

पुढे जे झालं ते मी थोडक्यात सांगणार आहे. ज्या मुलीवर ते झालं, ते सविस्तर सांगणं हा तिचा हक्क आहे, माझा नाही. ती कंत्राटावर प्रयोगशाळेत होती. तिचे वडील रेल्वेतले, मराठी. नोकरीसाठी ते मला भेटायला आले होते आणि “कारखाना म्हणजे आपलंच घर समजा” असं मी त्यांना सांगितलं होतं. ताई गेल्यानंतर चार महिन्यांनी, दुसऱ्या शिफ्टला, त्याच माणसाने त्याच खोलीत. पोस्टर होतं तिथेच होतं.

मुलगी चार दिवस कुणाशी बोलली नाही. पाचव्या दिवशी ती समितीकडे आली नाही, माझ्याकडे आली नाही. ती घडियाळी पोळात ताईंच्या दारात गेली. इस्पितळ, पोलीस, जबाब, या सगळ्यांत ताई तिच्याबरोबर होत्या.

कारखान्याने फार तत्परता दाखवली. आठवड्याच्या आत सॅम्पल रूमचं दार बदलून पूर्ण काचेचं आलं. फॅन नवा, कमी आवाजाचा. कॉम्प्रेसरला आवाज अडवणारी पेटी बसली. घंटासुद्धा बसली. ताईंनी मागितलेलं सगळं झालं. आता त्या खोलीत कुणी शिंकलं तरी बाहेर ऐकू येत होतं.

मग समितीची चौकशी. त्या माणसाचं म्हणणं सरळ होतं. मुलगी म्हणते ती ओरडली. दहा पावलांवर दोन ऑपरेटर बसलेले होते. त्यांनी काही ऐकलं नाही. म्हणजे ती ओरडली नाही. म्हणजे जे झालं ते तिच्या मर्जीने झालं. हवं तर खोलीत जाऊन ओरडून बघा.

मुलीच्या बाजूने ताईंना बोलावलं होतं. त्या गेटवर पाहुण्यांच्या वहीत सही करून, तेच हेल्मेट घालून आल्या. त्यांनी त्या संध्याकाळचं सगळं सांगितलं. “मी आत होते, हे बाहेर होते. मी हाक मारली हे मी सांगेन. ऐकू आली नाही हे त्यांनी सांगायचं.”

सगळे माझ्याकडे वळले.

सकाळीच साहेबांनी मला केबिनमध्ये बोलवलं होतं. “मिनिट्समध्ये आहे? नाही ने? मग झालं नाही.” बस, इतकंच. धमकी नाही, काही नाही. माझ्या नोकरीची आठ वर्षं राहिली होती. माझी मुलगी बारावीला होती. कारणं होती. कारणं सगळ्यांनाच असतात.

“पाहणी झाली होती,” मी म्हणालो. “आवाजाचं मला नक्की आठवत नाही.”

“नीट आठवा, भाऊ,” ताई म्हणाल्या. “घाई नाही.”

त्या खरंच थांबल्या. वर्गात एखाद्या पोराला उत्तर येतंय हे ठाऊक असलेली बाई थांबते तशा. कुणी पान उलटलं, कुणी घसा साफ केला. टेबलाच्या पलीकडे ती मुलगी हातरुमालाची घडी घालत होती, मोडत होती.

“नाही आठवत,” मी म्हणालो.

“बराबर,” ताई म्हणाल्या आणि पिशवीतून पुडी काढून मुलीपुढे सरकवली.

समितीने आरोप सिद्ध होत नाही असं ठरवलं. अहवाल मीच टाइप केला. त्या माणसाची कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यात बदली झाली, त्याचा निरोप-समारंभही झाला. पोलिसांचा खटला तेवढा उरला.

एका रविवारी दुपारी ताई फतेगंजला माझ्या घरी आल्या. जिना चढून दम लागला होता. माझ्या बायकोने चहा केला. बायको आत गेल्यावर त्या म्हणाल्या, “मी तुम्हाला रागवायला आलेली नाही. कोर्टात बोलावतील तेव्हा काय बोलायचं ते तुम्ही ठरवा. पण मी जिवंत आहे तोवर ठरवा. माझ्या एकटीच्या सांगण्याने चालणार नाही, आणि तुमच्या एकट्याच्याही नाही.”

“बघतो, ताई.”

“त्या पोरीने आता संध्याकाळी घराबाहेर पडणं सोडलंय. तिची आई न्हाणीघराच्या दारात बसून राहते, ती आत असली की. एवढं तुम्हाला ठाऊक असावं.” मग आतल्या दिशेने आवाज टाकला, “वहिनी, चहात आलं बरोब्बर पडलंय हं!”

त्या गेल्यावर बायकोने विचारलं, कशाला आल्या होत्या. मी म्हणालो, सहज.

मी बघतो म्हणालो आणि खरोखर बघतच राहिलो. सरकारी वकिलांचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. पावसाळा गेला, दिवाळी गेली. संक्रांतीच्या आदल्या दिवशी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला. ताई सकाळी झोपेतून उठल्याच नाहीत.

मी घडियाळी पोळात गेलो. गच्च्यांवर पोरं पतंगांची तयारी करत होती, त्यांना कुणीतरी खाली उतरायला सांगत होतं. ओट्यावर वस्तीतल्या बायका, वसतिगृहातल्या मुली, आमच्या कँटीनमधली ती भांडी घासणारी बाई. त्या मुलीचे वडील मला पाहून जवळ आले. मला वाटलं ते काही बोलतील. त्यांनी फक्त माझ्या पायातल्या चपला कुठे काढायच्या ते दाखवलं.

त्या आठवड्यात मी सरकारी वकिलांना जाऊन भेटलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ फाइलवर बोटं वाजवली. “चार महिने आधी आला असतात तर,” ते म्हणाले. मी नोकरी सोडली, त्यात शौर्य काही नाही. साक्ष द्यायची तर तिथे बसता आलं नसतं.

साक्ष बंद दालनात झाली. मुलगी पडद्यामागे होती. मी सांगितलं. पोस्टर, दार, फॅन, कॉम्प्रेसर, मी कुठे उभा होतो, मला काय ऐकू आलं नाही. एवढं स्पष्ट मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. मग आरोपीचे वकील उठले. वयस्कर, फार सौम्य गृहस्थ.

“समितीपुढे तुम्ही म्हणालात, आठवत नाही. आता आठवलं?”

“तेव्हाही आठवत होतं.”

“म्हणजे तेव्हा खोटं बोललात.”

“हो.”

“तुमच्या स्वतःच्या हातच्या मिनिट्समध्येही हे नाही.”

“नाही.”

“तुम्हाला काही ऐकू आलं नाही. बरोबर. मग आत त्या बाई ओरडल्या, हे तुम्हाला कसं कळलं?”

“त्यांनी सांगितलं.”

“त्यांना आपण विचारू शकतो?”

मी न्यायाधीशांकडे पाहिलं. त्या लिहायच्या थांबल्या होत्या.

“नाही,” मी म्हणालो. “त्या वारल्या.”

“म्हणजे आता याला तुमच्या शब्दाशिवाय दुसरा आधार नाही.”

मी ‘दुसरा आधार नाही’ म्हणालो, आणि टंकलेखकाने ते उत्तर उतरवून घेतलं. निकाल अजून लागायचा आहे.